तिसऱ्या मजल्याचा लायटर शनिवारी बिघडतो

इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला एका प्रश्नात मला दहापैकी नऊ मार्क पडले होते. दाब दिल्यावर वीज निर्माण करणाऱ्या स्फटिकाचं कार्य आकृतीसह स्पष्ट करा, असा तो प्रश्न होता. मी सुबक आकृती काढली, दाबाचे बाण दाखवले, अधिक-उण्याच्या खुणा केल्या आणि वाघोलीला घरी येऊन गॅसच्या लायटरने टक करून चहा ठेवला. त्या लायटरच्या पोटात नेमका तोच स्फटिक बसलाय हे मला ठाऊक नव्हतं. एक मार्क कशाबद्दल कापला, ते मात्र मी सरांना जाऊन विचारलं होतं.

सांगायचा मुद्दा असा, की लायटर कसा चालतो हे आमच्या घरात शोधून काढलं ते मी नाही, बाबांनी. आणि त्यापायी आमच्या इमारतीतल्या सोळा स्वयंपाकघरांना वेळापत्रक लागलं.

आमच्याकडे लायटर दीड-दोन महिन्यांच्या वर जगत नसे. कारण आई. आई वर्ध्याकडची. लग्न होऊन पुण्यात आली ती स्वच्छतेचा स्वतःचा कायदा घेऊनच. स्वयंपाकघरात दिवसभर ज्याला ज्याला हात लागला ते सगळं खरकटं, आणि खरकटं ते संध्याकाळी घासलंच पाहिजे. पळ्या, झारे, सांडशी तर झालीच, पण तिखटमिठाच्या डब्याचं झाकण, पोळपाटाचे पाय, कुकरच्या मुठी यांचीही सुटका नसे. लायटरला ती साबण लावायची, काथ्याने घासायची, नळाखाली धरायची आणि पळ्यांच्या शेजारी टोपलीत निथळत ठेवायची. महिनाभर तो हे सोसायचा. मग एका सकाळी नुसताच टक टक करायचा आणि ठिणगी म्हणून द्यायचा नाही. आई दुकानदाराच्या नावाने बोटं मोडायची, काडेपेटी काढायची आणि लायटर ओट्याखालच्या खणात टाकायची. फेकायची नाही, कारण वस्तू फेकणं तिच्या कायद्यात बसत नव्हतं. त्या खणात अकरा लायटर जमले होते.

बाबाही मूळचे तिकडचेच, पण नोकरीपायी कधीचे पुण्याला आलेले. नगर रोडवरच्या एका कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. मोटारींना लागणारे कसलेसे भाग तिथे बनायचे. बाबांनी ते मोजायचे, बरोबर असले तर हिरवा ठिपका द्यायचा आणि चुकीचे असले तर लाल. बावीस वर्षं त्यांनी हे केलं. मग देशाने दारं उघडली, बाहेरून नव्या कंपन्या आल्या, जुन्या कंपन्यांना एकाएकी आपल्याकडे माणसं फार आहेत असं वाटू लागलं, आणि बाबांच्या कंपनीत स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली. त्यातली स्वेच्छा साहेबांची होती आणि निवृत्ती बाबांची. पन्नाशी गाठायच्या आत ते घरी बसले.

ते घरी बसले म्हणजे इन्स्पेक्शन घरी आलं. कंपनीने निरोपाला दिलेलं घड्याळ त्यांनी कपाटात ठेवलं आणि जाडी मोजायचा स्वतःचा व्हर्निअर कॅलिपर बाहेर काढला. पहिल्या आठवड्यात त्यांनी पोळी मोजली. कडेला दोन मिलिमीटर, मध्ये साडेतीन. एवढा फरक चालत नाही, असं त्यांनी आईला शांतपणे सांगितलं. मोजून खाता की खाऊन मोजता ते एकदाचं ठरवा, असं आईने त्याहून शांतपणे सांगितलं. मग त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीचा झोल मोजला, माझ्या वहीतले समास मोजले आणि दाराची बेल दाबल्यापासून आई दार उघडेपर्यंत किती सेकंद लागतात तेही मोजलं. ही शेवटची चाचणी त्यांनी एका दिवसात सहा वेळा घेतली. सातव्या वेळी आईने दार उघडलंच नाही.

अशा दिवसांत बारावा लायटर बंद पडला. आई तो खणात टाकणार तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. त्यांना तो उघडायचा होता. पण त्याला कुठे स्क्रू नव्हता, आटा नव्हता, झाकण नव्हतं. पत्र्याची नळी दाबून बंद केलेली. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि त्यांचा चेहरा अपमान झाल्यासारखा झाला. उघडताच येऊ नये अशी वस्तू बनवणाऱ्याला दुरुस्त करणारा माणूसच नको असतो, असं ते म्हणाले. मग करवतीचं पातं आणून त्यांनी ती नळी उभी कापली. त्यात सकाळ गेली. जेवणाच्या वेळी वर्तमानपत्रावर लायटरचे अवयव ओळीने मांडलेले होते आणि आम्ही दोघी ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

एक स्प्रिंग, एक छोटा पोलादी हातोडा, एक तार आणि पांढरट रंगाचा, खडूच्या तुकड्याएवढा एक दंडगोल. सेल नाही, चकमक नाही, इंधन नाही. बाबांनी मला बोलावलं आणि वीज कुठून येते विचारलं. मी त्या पांढऱ्या तुकड्याकडे पाहिलं आणि दहापैकी नऊ मार्क माझ्या डोळ्यांसमोर आले. म्हटलं, हा स्फटिक. याच्यावर दाब आला की याच्या दोन टोकांना वीज तयार होते. बाबांनी तो तुकडा चिमटीत धरून सगळा जोर लावून दाबला. काही झालं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बावीस वर्सं कंपनीनं मले दाबलं, माह्यातून कुठं ठिणगी निघाली?"

मला पुढचं सांगता येईना. पुस्तकात एवढंच होतं. बाबांनी मात्र दोन दिवसांत ते गाठलं. खणातला दुसरा लायटर कापून, त्याची बटणाची बाजू हळूहळू दाबून त्यांनी मला दाखवलं. आपण बटण दाबतो तेव्हा स्फटिकाला काहीच होत नाही, फक्त स्प्रिंग आवळत जाते आणि हातोडा एका खाचेत अडकून बसतो. बटण पुरतं आत गेलं की हातोडा खाचेतून सुटतो आणि स्फटिकावर आदळतो. तो टक आवाज त्याचाच. म्हणून बटण हळू दाबा नाहीतर रागाने दाबा, फटका तेवढाच बसतो. त्या फटक्यासरशी क्षणभरासाठी हजारो व्होल्टचा दाब तयार होतो, मधल्या तारेतून टोकाशी जातो आणि तिथून बाहेरच्या नळीवर उडी मारतो. मधे दोन-चार मिलिमीटरची हवा आहे, ती ओलांडताना जी उडी दिसते ती ठिणगी. गॅस तिथे असला तर पेटतो, नसला तर ठिणगी उडून जाते. "हाताची मेहनत आत जाते आन् वीज होऊन बाहेर येते," असं बाबांनी त्याचं सार काढलं. माझ्या पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ते बरं होतं.

व्होल्ट हजारो असले तरी प्रवाह नावाला असतो, त्यामुळे माणसाला काही होत नाही, नुसता चिमटा बसतो, हे मी त्यांना सांगितलं. ते सांगायला नको होतं. पुढचे दोन दिवस घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी चिमटा आणि मग पाणी, असा क्रम होता. दूधवाल्याने तिसऱ्या दिवशी पिशवी फाटकाला अडकवून ठेवली.

खरा शोध तिसऱ्या दिवशी लागला. बाबांनी खणातले उरलेले दहा लायटर खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवले होते, कापायच्या आधी नीट पाहावेत म्हणून. संध्याकाळी त्यांनी सहज एकेक दाबून पाहिला. सात लायटरांनी ठिणगी दिली. उरलेल्या तिघांची टोकं त्यांनी कोरड्या ब्रशने खरवडली, आतली काजळी आणि तेलाचा थर निघाला, आणि त्यांनीही ठिणगी दिली. बाबा दहाही लायटर घेऊन स्वयंपाकघरात गेले. वीज आळशी असते, ओल किंवा चिकटा सापडला की हवेतून उडी मारायचे कष्ट न घेता ती तिथूनच गुपचूप निसटते, म्हणून ठिणगी पडत नाही, असं त्यांनी आईला समजावलं. म्हणजे गेली दोन वर्षं या घरातले लायटर मरत नव्हते, त्यांना आंघोळ घालून मारलं जात होतं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि मग काय खरकटा लायटर हातात धरू का, एवढंच विचारलं. पुष्कळ वाटाघाटी होऊन लायटर धुवायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा, असा तह झाला. आईने तह पाळला. पण त्या दिवसापासून ती लायटर दोन बोटांनी धरायला लागली.

ही बातमी इमारतीत कशी गेली कोण जाणे, पण आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. या बाई पुण्याच्या पेठेतल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्या कोणाशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलल्या तर तो माणूस घरी जाऊन सांगत असे. दारातूनच त्या बाबांना म्हणाल्या, "आपण लायटर दुरुस्त करता असं कळलं. करत असाल तर हा ठेवा. नसाल तर तसं सांगा, मला जिना चढायचाय."

बाबांनी तो तासाभरात नीट केला. मग दुसऱ्या मजल्यावरून दोन आले, पहिल्यावरून तीन. तळमजल्यावरच्या आमच्या गॅलरीत टेबल लागलं. कोरडा ब्रश, कापूस, सुई, भिंग. दहा वेळा टक, दहाही वेळा ठिणगी, तर लायटर पास. पास झालेल्याला हिरवा ठिपका. नापासाच्या लाल ठिपक्यासाठी त्यांनी माझं नेलपॉलिश उचललं होतं, पण हिरवं माझ्याकडे कुठून असणार? मला ते विकत आणायला लावलं. त्या काळी हिरवं नेलपॉलिश मागणाऱ्या मुलीकडे दुकानदार ज्या नजरेने बघत, ती मी दोन वेळा सोसली आहे.

पण बाबांना धंद्याची अक्कल नव्हती. प्रत्येक लायटर परत देताना ते तो का बिघडला हेही समजावून सांगायचे. ओला करू नका, फोडणीच्या वेळी कढईशेजारी ठेवू नका, टोक कोरड्या कापडाने पुसा. लोकांनी ते ऐकलं. दोन महिन्यांत इमारतीतले सगळे लायटर ठणठणीत झाले आणि बाबांचं टेबल रिकामं पडलं. ते तरी चार वाजता तिथे जाऊन बसत, ब्रश झटकत, भिंग पुसत. मला तेव्हा शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. मी पाहिलं आणि पुस्तकात डोकं घातलं.

मग पुन्हा लायटर यायला लागले. आधीपेक्षा जास्त आणि नेमाने. या इमारतीत काय दर्जाचे लायटर विकत घेतात, असं मला वाटलं होतं एवढं आठवतं.

याच सुमारास मला खराडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र, सगळं मनासारखं. फक्त काम टेस्टिंगचं निघालं. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा आणि कुठे चुकतो ते सांगायचं. मला प्रोग्रॅम लिहायचा होता, तपासायचा नव्हता. मी घरी तोंड पाडून हे सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा खुलला. म्हणजे इन्स्पेक्शन, असं म्हणून त्यांनी आईला साखर आणायला सांगितली. मला इतका राग आला होता की मी ती खाल्ली नाही. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून आपण बापाच्याच टेबलावर येऊन बसलो, असं मला वाटत होतं. तेव्हा ते टेबल माझ्या लेखी फार खालचं होतं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

एका शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला वर बोलावलं. चहा घ्या म्हणाल्या. त्यांनी लायटर उचलला, टक, एकाच वेळी गॅस पेटला. निळी, स्वच्छ ज्योत. चहा झाला, आम्ही प्यायलो. मग त्यांनी तो लायटर कोरड्या फडक्याने पुसला, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. वडिलांना द्या, बिघडलाय, असं म्हणाल्या.

मी म्हटलं, आत्ता तर चालला.

"आमचा मजला शनिवारी बिघडतो," बाई म्हणाल्या.

मला समजेना. तेव्हा त्यांनी वर्गातल्या मंद मुलीला सांगावं तसं सांगितलं. तळमजला सोमवारी, पहिला बुधवारी, दुसरा गुरुवारी आणि तिसरा शनिवारी. मंगळवार आणि शुक्रवार मुद्दाम मोकळे ठेवलेत, रोज बिघडले तर संशय येतो. एका घराने लागोपाठ दोन आठवडे पाठवायचा नाही. हे सगळं कोणी ठरवलं, असं मी विचारलं. तुमच्या मातोश्रींनी, असं उत्तर आलं. त्या घरोघर जाऊन विनंती करून गेल्या, मी फक्त वेळापत्रक आखून दिलं, त्यांचं पहिलं फारच ढोबळ होतं.

मी तीन मजले धाडधाड उतरले. आई तांदूळ निवडत होती. मी तिला नको नको ते बोलले. हा खोटेपणा आहे, बाबांना मूर्ख बनवणं आहे, सगळी इमारत हसत असेल, असं बरंच. माझं संपेपर्यंत तिने ताटातला हात थांबवला नाही. मग खालच्या आवाजात म्हणाली, "सकायी साडेसहाले बूट घालून बसून राहत हे. कंपनीची बस गेल्याचा आवाज आला का बूट काढत. तीन महिने. तुले कॉलेजात काय दिसन? लायटर आले आन् बूट सुटले. मंधात लायटर सरले, तर पुन्हा बूट निघाले. मंग काय करू मी?"

मला खरंच दिसलं नव्हतं. मी साडेसातला उठत असे. तिथे उभ्या उभ्या मला रडू आलं आणि रडू आल्याचा आणखी राग आला. आईने एवढंच बजावलं, की यांना कळलं तर हे पुन्हा बूट घालतील आणि मग कोणत्याच मजल्याचा इलाज चालणार नाही. तेव्हा तू तोंड उघडू नको.

मी तोंड उघडणार नव्हते. पण हातात बाईंचा चांगला लायटर होता आणि तो बाबांना बिघडलेला म्हणून नेऊन देणं माझ्याने होईना. आता कितीही नाक मुरडलं तरी मी टेस्टर होते. नसलेली चूक आहे म्हणून सांगायची, हे आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट. त्यावर मला जो उपाय सुचला तो आमच्याच घरात सुचू शकतो. मी मोरीत गेले, बादलीत धुण्याची पावडर कालवली आणि लायटर त्यात बुडवून ठेवला. दहा मिनिटांनी बाहेर काढला, चार वेळा दाबून पाहिला. ठिणगी नाही. आता तो प्रामाणिकपणे बिघडलेला होता. वरून कोरडा पुसून, पुन्हा कागदात गुंडाळून मी तो गॅलरीत नेऊन दिला आणि मोठं पुण्य केल्यासारखी आत येऊन बसले.

टक टक ऐकू येत राहिलं. दहा वेळा. मग आणखी दहा वेळा. मग बाबांनी मला हाक मारली. ते लायटरचं टोक नाकाशी धरून बसले होते.

"हा कोनं बुडोला?" त्यांनी विचारलं.

बिघडला असेल आपोआप, असं मी म्हटलं. बाबांनी मान हलवली. धुण्याच्या पावडरीचा वास आहे, आणि बाई साबणाची वडी वापरतात, पावडर नाही, हे त्यांनी सांगितलं. मग लायटर टेबलावर ठेवून, आवाज जराही न चढवता ते म्हणाले, "सात महिने झाले, सगळे चांगले लायटर येऊन रायले. आज पयला बिघडलेला आला, तो बी माह्या पोरीनं बिघडोलेला."

म्हणजे यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बावीस वर्षं माल हाताळलेल्या माणसाला चांगला-वाईट एका टकमध्ये कळतो, हे आम्हा दोघींनाच काय, सोळा घरांत कोणालाही सुचलं नव्हतं. मग तुम्ही ते घेत कशाला होतात, असं मी विचारलं.

"तुह्या मायचे गुडघे दुखतात. तरी तीन मजले चढली, घरोघर सांगून आली. तिचं काम मी रिजेक्ट करू?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई पदराला हात पुसत गॅलरीच्या दारात आली. मला वाटलं, आता ही रडणार. ती म्हणाली, "मंग पयलेच सांगाचं ना. दर आठवड्याले आठवन द्याले वरखाली करून रायली मी."

ती खरोखरच चिडली होती. सात महिन्यांच्या जिन्याचा हिशोब तिने तिथल्या तिथे सुरू केला, आणि बाबा खाली मान घालून हसत होते. त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला पोळ्या वाकड्या आल्या, पण कोणी मोजल्या नाहीत.

रविवारी बाबांनी दाराला लावायला पाटी लिहिली. मसुदा त्यांच्या बोलीत होता, म्हणून त्यांनी तो शुद्ध करायला तिसऱ्या मजल्यावर पाठवला. बाईंनी लाल शाईने तपासून परत दिला. शेवटी जी पाटी लागली ती अशी होती: ‘येथे लायटर तपासले जातात. बिघडलेले असल्यास दुरुस्त होतील. चांगले आणून उगाच दमवू नये. नुसते बसायला यायचे असल्यास ४ ते ६ यावे. चहा मिळेल.’ यातलं शेवटचं वाक्य बाईंनी दोनदा खोडलं होतं. पुण्यात असं कोणी लेखी देत नसतं, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी ते दोनदा पुन्हा लिहिलं.

सोमवारी मी ऑफिसात घरी गॅसचा काहीतरी घोळ झालाय असं सांगून लवकर निघाले. सव्वाचारला पोचले तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसले होते. टेबलावरचं सामान त्यांनी उचलून ठेवलं होतं आणि चार खुर्च्या मांडल्या होत्या. चारही रिकाम्या. आई तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आली. चौथ्यांदा निघाली तेव्हा बाबांनी तिला थांबवलं. कोणालाही बोलवायला जायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. साडेचार झाले. बाबा आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसले होते, आणि मी मनात म्हटलं, पाटी लावायला नको होती. लायटर खोटे होते, पण येत तरी होते.

पावणेपाचला जिन्यावर पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई कठडा धरून उतरत होत्या. हातात काही नव्हतं. आज आमचा वार नाही, तरी चालेल ना, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सगळ्यात बऱ्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्या मागून पहिल्या मजल्यावरच्या दोघी आल्या, मग शेजारचे आजोबा. आईने चहा आणला. वर्ध्याकडचा गोडमिट्ट चहा. बाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. लायटर नव्हता, त्यामुळे विषयही नव्हता.

मग बाईंनी बाबांकडे वळून विचारलं, "आपण बावीस वर्षं कंपनीत नेमकं काय तपासत होतात?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. हा प्रश्न आम्ही दोघींनी त्यांना कधी विचारला नव्हता. मी त्यांच्या घरात वाढले, इंजिनिअर झाले, आणि मलाही तो कधी सुचला नव्हता.

नगर रोडवरून जाणारी बस ब्रेक दाबल्यावर थांबते ना, बाबा सांगू लागले, त्यात बोटाएवढा एक पिस्टन असतो. तो केसाएवढा जरी जाड झाला तर अडकतो आणि बारीक झाला तर तेल गळतं. सुरुवातीला ते अडखळत, शुद्ध बोलायचा प्रयत्न करत होते. नंतर ते सुटलं आणि ते आपल्या बोलीत बोलायला लागले, बोटांनी हवेत मापं दाखवत. बाई मधेच शंका विचारत होत्या. सहा वाजून गेले तरी कोणी उठलं नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते, कारण बसायला खुर्ची उरली नव्हती.